ते बल्ब मी बदलले होते

मुकुंदकाका, काल तुमच्या शोकसभेत मी तुमचा शब्द मोडला. तीन वर्षं पाळला होता. तुम्ही समोर बसलेले असता तर कालही पाळला असता, कारण तुम्ही नुसती भुवई वर केली की मी गप्प बसते, हे अख्ख्या डिपार्टमेंटला ठाऊक आहे. पण काल तुम्ही फोटोत होता, आणि तो फोटोही कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर फेटा आणि एका गालात गुलाबजाम. त्या फोटोला कोण घाबरणार? उभी राहिले आणि सांगून टाकलं की ते बल्ब मुकुंदकाकांनी नाही, मी बदलले होते.

चिडला असाल तर चिडा. पण आधी सगळं ऐकून घ्या. आणि तुम्ही मधे बोलणार नाही, ही एक सोय आता मला झाली आहे. नकोशी सोय आहे, पण झाली आहे.

मी कराडहून इंदूरला शिकवायला आले तेव्हा माझ्याकडे मातीतल्या जीवांवरची पीएचडी होती आणि त्या पीएचडीचा भरपूर तोरा होता. तुम्ही आमच्या लॅबचे टेक्निशियन, माझ्या वडिलांच्या वयाचे. पहिल्याच दिवशी तुम्ही मला डिपार्टमेंटच्या मागे चिंचेखाली नेलंत, पाला बाजूला सारून मूठभर काळी माती माझ्या नाकासमोर धरलीत आणि म्हणालात, "पहिले वास घ्या, मॅडमजी. मशीन नंतर." मी विचारलं, "वासावरून काय कळणार?" तर म्हणालात, "जिंदा आहे का नाही, तेवढं कळतं. बाकी तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात." मला तो टोमणा वाटला. टोमणाच होता, हे तुम्ही दोन वर्षांनी कबूल केलंत.

या शहरात झाडाचं पान खाली पडायचा अवकाश, झाडू हजर. त्यात चिंचेखालचा तो तुकडा तुम्ही इतकी वर्षं बिनझाडलेला ठेवलात. सफाईवाल्या ताईंशी तुम्ही आधी भांडलात, मग त्यांच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी चार ऑफिसं पालथी घातलीत, आणि त्यानंतर तिथे कधी झाडू लागला नाही. तुम्ही म्हणायचात की त्यांना विज्ञान समजलं. मला वाटतं, त्यांना तुम्ही समजलात.

तिथला पाला आणि माती आणून तुम्ही तुमच्या नरसाळ्यात भरायचात. ती नरसाळी तुम्ही छत्रीबागेत घराजवळच्या पत्रेवाल्याकडून करून घेतलेली. वर जाळी, जाळीवर माती, मातीच्या वर टांगलेला पिवळा बल्ब आणि खाली स्पिरिटची बाटली. बल्ब आठवडाभर जळायचा. माती वरून वाळत जायची, तसतसे आतले बारीक जीव ओल शोधत खाली सरकायचे आणि शेवटी टुपकन बाटलीत. मग आपण दोघं मायक्रोस्कोपला बसून हजेरी घ्यायचो. टुणकन उडणाऱ्या स्प्रिंगटेलना तुम्ही 'उछलकूद पार्टी' म्हणायचात. पाठीवर चकचकीत कवच असलेले माइट म्हणजे 'हेल्मेटवाले'. आणि इवलासा खोटा विंचू दिसला की पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर आल्यासारखी खुर्ची मागे सरकवून जाहीर करायचात, "घ्या, टीआय साहेब आले."

त्याच टेबलावर तुम्ही पोहे खायचात, हे मी कोणत्याही अहवालात लिहिलेलं नाही. वरून जिरावन मसाला, वरून शेव. एकदा मी स्लाइडवरच्या एका पिवळ्या वाकड्या आकाराची अळी कोणत्या गटातली ते दहा मिनिटं पुस्तकात शोधत होते. तुम्ही शेजारी उभे राहून माझे प्रयत्न आदरानं बघत होता. शेवटी म्हणालात, "मॅडमजी, ती उज्जैनी शेव आहे." काका, ही गोष्ट तुम्ही निदान विद्यार्थ्यांना तरी सांगायला नको होती.

पण माझं खरं शिक्षण त्याच टेबलावर झालं. पुस्तकात मी बाणांचे तक्ते पाहिले होते, कोण कोणाला खातं त्याचे. तुम्ही ते वस्तीसारखं सांगायचात. "पाहा, पान पडलं. ताजं पान कडक, कोणी तोंड नाही लावत. पहिले बुरशी येते, पान नरम करते. मग उछलकूद पार्टी बुरशी खायला येते. हेल्मेटवाले पानाचा चुरा करतात. चुऱ्यावर बॅक्टेरिया बसतात. पार्टीच्या मागे टीआय साहेब. आणि हे सगळं झाल्यावर जे उरतं ते चिंच पिते. कोणी कोणाला बुलावा नाही दिला, सगळे आपापले आले." मी विचारायचे, "पण स्प्रिंगटेल बुरशी खातात म्हणजे तिचं नुकसानच ना?" तुम्ही म्हणायचात, "मेंदी छाटली तर मरते का वाढते?" मी म्हणायचे, छाटणारे किती आहेत त्यावर आहे. तो वाद आपण कधी मिटवलाच नाही. मिटवायचा नव्हताच. बुधवारचा चहा त्याच्यावर चालायचा.

दुसरा वाद मात्र मिटला, आणि तो माझ्या डोक्यावर फुटून. मी वर्गात शिकवायचे की हे जीव बल्बच्या उजेडाला घाबरून खाली पळतात. तुम्ही मागच्या बाकावरून नमुने लावता लावता मान हलवायचात. "मॅडमजी, यांतल्या अर्ध्यांना डोळेच नाहीत. ज्याला डोळे नाहीत तो उजेडाला काय घाबरणार? गरमीनं पळतात ते, सुकतात म्हणून." मी म्हणायचे, उजेडही असतो, उष्णताही असते. असं म्हणून विषय संपवायचे. तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी लॅबच्या किल्ल्या हातात देताना सांगितलंत, "बल्ब पिवळेच राहू द्या." मी हो म्हटलं. म्हातारी माणसं जुन्या वस्तूंना चिकटून असतात, असं मनात म्हटलं. आज लाज वाटते, पण म्हटलं होतं.

दोनच महिन्यांनी कॉलेजनं सगळीकडे एलईडी लावायचे ठरवले आणि प्रत्येक डिपार्टमेंटकडे यादी मागितली. नरसाळ्यांवरचे बल्ब मी यादीत घातले नसते तरी कोणी विचारलं नसतं. मी घातले. आठवडाआठवडाभर जळणारे बल्ब, केवढी वीज वाया, असा विचार करून सगळ्यात वर घातले. नवे बल्ब लागले, लॅब लख्ख झाली. उजेड पहिल्यापेक्षा जास्त होता आणि माझ्या शास्त्राप्रमाणे तेवढं पुरेसं होतं.

आणि नेमकं तेव्हाच चिंचेखालच्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं निघालं. प्रिन्सिपल सर वाईट नाहीत, त्यांनी रीतसर विचारलं, "मैडम, वहाँ कुछ है क्या? रिपोर्ट दे दीजिए." मी नरसाळी लावली. आठवड्यानं बाटल्या उघडल्या तर जवळजवळ रिकाम्या. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आकडे ते आकडे, अशा ऐटीत मी लिहून दिलं की ही जमीन जैविकदृष्ट्या मृतप्राय आहे. खाली सही केली.

तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही स्कूटरवरून तडक आलात. आधी लॅबमध्ये नाही, चिंचेखाली. मी खिडकीतून पाहिलं, तुम्ही उकिडवे बसून माती हुंगत होता. मग आत येऊन म्हणालात, "मॅडम, ही मेलेली नाही." मी फणकारले, "काका, नाकावर रिपोर्ट लिहिता येत नाही." मॅडमजीचं नुसतं मॅडम झालं होतं, ते मला कळायला हवं होतं. तुम्ही सरळ नरसाळ्यांपाशी गेलात आणि तवा तापला का पाहावं तसा बल्बखाली तळहात धरलात. बराच वेळ धरलात. मग दुसऱ्या बल्बखाली, मग तिसऱ्या. "अरे, हा तर थंडा आहे हो."

तुम्ही हसायला लागलात आणि मी रडायला लागले. माती वर ओलीच राहिली होती. ज्यांना डोळे नाहीत ते माझ्या लख्ख उजेडाखाली निवांत बसून राहिले होते, खाली उतरायचं त्यांना काही कारणच नव्हतं. मी त्यांना मेलेलं ठरवलं होतं. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत, पाण्याचा ग्लास दिलात आणि पहिल्यांदा कॉलेजात 'बेटा' म्हणालात. "बेटा, चाला, बल्ब शोधू. रडायला पूर्ण संध्याकाळ पडली आहे."

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या दिवसांपैकी एक आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी पिवळ्या बल्बसाठी अर्धं इंदूर फिरले. एका दुकानदारानं विचारलं, "भिया, अब कौन लेता है ये? एलईडी ले जाओ, गारंटी के साथ." तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत, "नहीं भिया, कीड़ों को पसीना दिलाना है." तो माणूस माझ्याकडे बघायला लागला, ही तुमची कोण, अशा चिंतेनं. शेवटी कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचं सामान विकणाऱ्याकडे बल्ब मिळाले. राजेंद्र नगरला मला घरी सोडताना तुम्ही ते मांडीवर धरून बसायला लावलंत, आणि खड्डा आला की मागे वळून "सगळे साबूत?" असं विचारत होता. माझी विचारपूस एकदाही केली नाहीत.

आठवड्यानं बाटल्या उघडल्या. काका, ती सकाळ आठवते ना तुम्हाला? पहिल्या बाटलीत मोजता मोजता मी तीनदा चुकले. उछलकूद पार्टी, हेल्मेटवाले, वाणी किडे, इवल्या गोगलगाई, आणि तळाशी दोन टीआय साहेब. तुम्ही मायक्रोस्कोपमधून डोळा काढतच नव्हता. मी म्हटलं, "बघू द्या की मलाही," तर म्हणालात, "तुम्ही तर यांना मारून टाकलं होतं, तुमचा नंबर शेवटी." आणि खरंच शेवटी दिलात.

मग ती मीटिंग. त्या मीटिंगबद्दल आपण शेवटपर्यंत भांडलो. माझा दुसरा रिपोर्ट टेबलावर होता, आणि पार्किंगविरुद्ध अर्ज तुमचा म्हणून तुम्हालाही बोलावलं होतं. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "मैडम, दोनों पर साइन आपकी है. एक में मरी हुई, एक में ज़िंदा. किसको मानूँ?" मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण तुम्ही आधी उभे राहिलात. "सर, गलती मेरी है. रिटायर होने से पहले बल्ब मैंने बदले थे. मैडम को पता नहीं था." बल्ब बदलले तेव्हा तुम्हाला रिटायर होऊन दोन महिने झाले होते, पण तारखा कोण बघतंय? सर म्हणाले, "मुकुंदजी, आपसे ये उम्मीद नहीं थी." तुम्ही मान खाली घातलीत. मी गप्प बसले. पार्किंग तूर्त थांबलं, आणि तुम्ही जन्मभर जिथे काम केलंत तिथे तुमच्या नावापुढे एक चूक लागली.

बाहेर आल्यावर मी तुमच्यावर ओरडले, आठवतं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "बल्ब चुकला तर चालतं. मॅडम चुकली तर दुसऱ्या रिपोर्टवर कोण भरोसा करेल? जमीन जाईल." मी म्हटलं, खरं सांगितलं तरी जमीन वाचेल. तुम्ही म्हणालात, नाही वाचणार, वचन द्या. मी दिलं. आणि खरं सांगू का, वचन देताना मला थोडं बरंही वाटलं होतं. तुमच्या मोठेपणामागे लपायला जागा होती. त्यानंतर दर बुधवारी छत्रीबागेत तुमच्या ओट्यावर मी तोच विषय काढायचे, आणि तुम्ही "मला काय फरक पडतो, पेन्शन तर येतच आहे" म्हणून कप पुढे करायचात. तुम्हाला फरक पडत होता. कोणी गमतीनं "मुकुंद भिया, बल्ब बदलवायचा आहे" म्हटलं की तुम्ही हसायचात, पण हसून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसायचात. शेवटच्या बुधवारी बोलायला तुम्हाला धाप लागत होती, तरी मी तो विषय काढलाच. तुम्ही नुसती भुवई वर केलीत. मी आले उठून.

काल सभेत सर फार चांगलं बोलले. म्हणाले, अशी माणसं आता होत नाहीत. मग थोडं हसून म्हणाले, "पूरी नौकरी में एक ही गलती की मुकुंदजी ने, वो बल्ब वाली." सगळे हसले, प्रेमानंच हसले. पहिल्या रांगेत सुमनकाकू बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, अगदी तुम्ही मीटिंगमध्ये घातली होती तशी. त्यापुढे मला बसवेना.

मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. यादी मी केली, बल्ब मी बदलले, पहिला रिपोर्ट चुकला तो माझ्यामुळे, आणि काकांनी माझी चूक अंगावर घेतली तेव्हा मी गप्प बसले. हिंदीत सुरू केलं, मराठीत संपवलं. पहिल्यांदा कोण बोललं असेल? सुमनकाकू. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "अहो, मग मला तर सांगायचं. तीन वर्षं घरात बल्ब उडाला की मी तुम्हाला म्हणत होते, तुम्ही हात लावू नका, तुम्हाला जमत नाही." आणि हसू फुटलं त्यांना. हसता हसता रडल्या, पण आधी हसल्या. तुम्ही तीन वर्षं घरातसुद्धा बल्बला हात न लावता बसलात? कमाल केलीत.

मग सरांनी तोच प्रश्न विचारला ज्याची तुम्हाला भीती होती. "तो मैडम, फिर दूसरी रिपोर्ट पर भी कैसे भरोसा करूँ?" पार्किंगची फाइल यंदा पुन्हा वर आली आहे, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. मी म्हटलं, "रिपोर्ट पर मत कीजिए, सर. चलिए, खुद देख लीजिए." आणि फोटोसमोर अंथरलेली एक पांढरी चादर उचलली.

भाद्रपदातली ओल होती, पाला चांगला कुजला होता. चिंचेखाली चादर पसरली आणि ओंजळभर पाला तिच्यावर झटकला. क्षणभर काही नाही. मग चादरभर टिपके उडायला लागले, राखाडी, पांढरे, जांभळट. पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं गुडघ्यावर बसली. कोणी चष्मा काढला, कोणी घातला. सुमनकाकूंनी विचारलं, "हीच का ती उछलकूद पार्टी? मला वाटायचं, हे घरी येऊन गप्पा मारतात." एक जीव सरांच्या बाहीवर चढला. ते हलले नाहीत. "काटता है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नहीं सर, पत्तों की फफूँद खाता है." मग ते विचारतच सुटले, हा काय करतो, याला कोण खातं, ते मेले तर झाडाचं काय. मी तुमच्या शब्दांत सांगत गेले, कारण माझ्याकडे त्याच्यासाठी दुसरे शब्द नाहीत. अर्धा तास शोकसभा पाल्यात डोकं घालून बसली होती आणि एकालाही घरी जायची घाई नव्हती.

फाइलबद्दल सर काही बोलले नाहीत. उठले, बाहीवरचा तो जीव बोटानं अलगद पाल्यावर सोडला आणि परत निघाले. येताना ते सरळ त्या तुकड्यावरून चालत आले होते. जाताना कडेनं, भिंतीला लागून गेले, आणि त्यांच्यामागून सगळे एकामागे एक तसेच कडेनं गेले.

तेव्हा वाद मी जिंकले, काका. खरं सांगितलं तरी जमीन वाचते. तुमच्याशी घातलेल्या इतक्या वादांत हा पहिलाच जिंकले, आणि काल संध्याकाळी सवयीनं छत्रीबागेकडे वळले होते तुम्हाला सांगायला.